न विचारलेला भाव

एकदा एक शिष्य भाव शोधायला निघाला. भाव म्हणजे देवापुढे हात जोडताना मनात असतो तो नव्हे. बाजारातला, किलोला इतका आणि टनाला तितका. आता बाजारातला भाव शोधायला निघावं लागतं का, असं कुणालाही वाटेल. मेथीची जुडी हातात घेतली की भाजीवाली आपणहून भाव सांगते. पण शिष्याला मेथी घ्यायची नव्हती. त्याला कारखाना उभारायचा होता, आणि कारखाना उभारणाऱ्याला अजून न बनलेल्या मालाचा भाव आजच ठाऊक असावा लागतो. पुस्तकात ही विद्या अर्ध्या पानात आटोपलेली असते. ते अर्धं पान समजून घेण्यात माणसाची उमर जाते.

हे सगळं घडलं ते बालाघाटाच्या डोंगराखालच्या एका गावात. गावात चिंचेचा मोठा बाजार भरत असे. शिष्य त्याच गावचा. रसायन-अभियांत्रिकी शिकून, परमुलखात नोकरी करून तो घरी परतला, तेव्हा उन्हाळा होता आणि गावातल्या बायका पत्र्याच्या शेडमध्ये बसून चिंचा फोडत होत्या. टरफल वेगळं, शिरा वेगळ्या, चिंचोका वेगळा, गर वेगळा. शिष्याची थोरली बहीण, जिला तो आक्का म्हणत असे, त्या बायकांच्या गटाची प्रमुख होती. फोडलेली चिंच व्यापारी न्यायचा आणि त्याच्या मर्जीला येईल ते द्यायचा.

शिष्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. चिंचेच्या गरात एक आम्ल असतं. त्याला शास्त्रात चिंचाम्ल असं सरळसोट नाव आहे. गर पाण्यात उकळून त्यात चुना घातला की हे आम्ल चुन्याला धरून तळाशी बसतं. त्यावर गंधकाम्ल घातलं की चुन्याचं जिप्सम होऊन वेगळं पडतं, आणि उरलेलं पाणी आटवलं की खडीसाखरेसारखे स्फटिक हाती येतात. सरबताच्या पुड्यांपासून कापडाच्या रंगाईपर्यंत त्याला गिऱ्हाईक आहे. शिष्य मनाशी म्हणाला, चिंच विकायचीच कशाला? चिंचाम्ल विकू.

त्याने आक्काला हे सांगितलं. आक्काने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तू म्हणतूस न्हवं? मग झालं." एवढ्यावर सभा संपली. बायकांनी त्या वर्षी व्यापाऱ्याला चिंच देणं थांबवलं. शेड छतापर्यंत भरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवी चिंच तांबूस असते. ठेवली की हळूहळू काळी पडते, आणि काळी पडली की तिचा भाव उतरतो. गावाला शीतगृह नव्हतं. म्हणजे शिष्याचा आराखडा जितका लांबेल तितकी ती चिंच काळवंडणार होती, आणि आराखडा चुकला तर उन्हाळाभर बसून फोडलेली सगळी चिंच बायकांच्या अंगावर पडणार होती. शिष्याला हे माहीत होतं. म्हणून तो घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला जे पहिलं सापडतं ते खरं वाटतं.

गावाच्या टोकाला एक वृद्ध राहत असत. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणे. मोठमोठ्या रसायन-कारखान्यांचे आराखडे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यातले काही कारखाने चालले, काही बुडाले, आणि आप्पा दोन्हींबद्दल सारख्याच प्रेमाने बोलत. आता ते अंगणात गुलछडी लावत आणि कुणी काही विचारायला आलं तर त्याच्या हाती आधी पाण्याची झारी देत. शिष्याने ती झारी परमुलखात जाण्यापूर्वी बरेच महिने उचलली होती, म्हणून त्याला शिष्य म्हणायचं.

एका सकाळी त्याने आपला आराखडा आप्पांपुढे ठेवला. आप्पांनी चष्मा लावून तो सावकाश पाहिला. उकळणीच्या तीन टाक्या पाहिल्या, गाळणीची जागा पाहिली, वाफेची नळी कुठून कुठे जाते ते बोटाने माग काढत पाहिलं. "सुरेख आहे," ते म्हणाले. "ही नळी इथून वळवलीस ते फार बरं केलंस." शिष्याचा चेहरा फुलला. मग आप्पा शेवटच्या पानावर आले. तिथे नफा होता. तो इतका होता की आप्पांनी चष्मा काढून पुसला.

"हा चिंचाम्लाचा भाव कुणाचा?"

"बाजाराचा," शिष्य म्हणाला.

"बाजाराला तोंड नसतं रे. कुणाच्या तोंडचा?"

शिष्य जरा चाचरला. "प्रयोगशाळांना माल पुरवणारी एक कंपनी आहे. तिच्या संकेतस्थळावर अर्ध्या किलोच्या बाटलीची किंमत होती. त्यावरून किलोची काढली, किलोवरून टनाची."

"आणि गंधकाम्लाचा?"

"तोही तिथेच शेजारी होता. म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावर. बंदरावर जहाजाने उतरणाऱ्या मालाचा." आप्पांच्या कपाळावर आठी दिसताच तो घाईघाईने पुढे म्हणाला, "पण मी एवढ्यावर थांबलो नाही, आप्पा. तालुक्याला जाऊन रसायनांच्या शेठजींना विचारलं. त्यांनीही चिंचाम्लाचा जवळजवळ तोच भाव सांगितला. म्हणजे दोन साक्षीदार झाले."

"शेठने किती वेळात सांगितला?"

"विचारताक्षणी. मानसुद्धा वर केली नाही."

"हं," आप्पा म्हणाले आणि गुलछडीचं एक वाळलेलं पान खुडलं. मग म्हणाले, "तू परवा घरी थोडं चिंचाम्ल करून पाहिलं होतंस ना? त्याची एक पुडी बांधून घे. उद्या आपण शेठकडे जाऊ. पण एक अट आहे. दुकानात भाव हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तू नाही, मीही नाही."

शिष्य बुचकळ्यात पडला. भाव शोधायला जायचं आणि भाव विचारायचा नाही, हे म्हणजे विहिरीवर जाऊन पोहऱ्याला हात न लावण्यासारखं झालं. पण शिष्य तो शिष्य. त्याने पुडी बांधली.

शेठजींचं दुकान तालुक्याच्या बाजारपेठेच्या मागच्या बोळात होतं. बाहेर निळी पिंपं, आत पोत्यांची थप्पी, आणि नाकाला झोंबणारा एक आंबूस वास. तो वास शेठजींना आता येत नसे. ते गादीवर बसून मोबाईल पाहत होते. आप्पांना पाहून ते अर्धे उठले.

"या या, आप्पा! किती दिवसांनी! चहा सांगू?"

"सांगा की," आप्पा बसत म्हणाले. त्यांनी शिष्याकडून पुडी घेतली, शेठजींच्या पुढ्यातल्या लाकडी डेस्कावर उलगडली, पांढरे स्फटिक दिसतील अशी सरकवली आणि एवढंच म्हणाले, "घ्या."

शेठजींनी पुडीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "काय घ्या?"

"हे. चिंचाम्ल. आमच्या गावात व्हायचंय. होईल ते तुम्ही घ्या."

आणि शिष्याच्या डोळ्यांदेखत शेठजी वेगळेच होऊन गेले. मोबाईल पालथा पडला. खिशातून चष्मा निघाला. त्यांनी नोकराकडून काचेच्या पेल्यात पाणी मागवलं, चिमूटभर स्फटिक त्यात टाकले, ढवळले आणि पेला दाराच्या उजेडाकडे धरला. पाण्यात अगदी पुसट धुरकटपणा होता. शिष्याला तो आजवर दिसला नव्हता.

"जिप्सम राहिलंय थोडं," शेठजी म्हणाले. "महिन्याला किती निघंल?"

शिष्याने आकडा सांगितला.

"दर महिन्याला एवढाच? का चिंचेच्या दिवसांत ढीग आन पावसाळ्यात ठणठणाट?"

शिष्य आप्पांकडे पाहू लागला. आप्पा चहात फुंकर घालत होते.

"बारीक चाळून देणार का असंच खडं-खडं? पिशवी आतून प्लास्टिकची पायजे, न्हाईतर पावसाळ्यात दगड होतोय त्याचा. खाण्याच्या कामाला जायचा आसंल तर तपासणीचा कागद लागतोय, तो कोण काढणार? हितं आणून देणार का मी गाडी पाठवायची? आन गिऱ्हाइकानं माल परत केला तर तो तुमच्या दारात उतरायचा का माझ्या?"

शिष्याने काहींची उत्तरं दिली, काहींना "बघावं लागेल" म्हटलं, आणि शेवटच्या प्रश्नाचं नंतर येऊन सांगतो म्हणाला. शेठजींनी छताकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. दोनदा त्यांनी तोंड उघडून पुन्हा मिटलं. अडलेली दाढ काढावी तसा शेवटी एक आकडा बाहेर आला.

तो आराखड्यातल्या आकड्याचा चौथा हिस्सा होता.

अट, शिष्यपण, सगळं विसरून शिष्य ओरडला, "अहो शेठ, मागच्या आठवड्यात तुम्हीच मला चौपट भाव सांगितला होता!"

शेठजींना मुळीच राग आला नाही. ते पोटभर हसले. "आवो, तवा तुमी भाव इचारला व्हता, म्हणून सांगितला! दरसाली कॉलेजची पोरं येत्यात. ह्याचा भाव काय, त्याचा भाव काय. मी काय चिंचाम्ल रोज विकतो व्हय? मोबाईलवर बघतो आन सांगतो. पोरं बी खूष, मी बी मोकळा."

"कुठे बघता मोबाईलवर?" शिष्याने क्षीण आवाजात विचारलं.

शेठजींनी मोबाईल पुढे केला. तेच संकेतस्थळ होतं, तीच अर्ध्या किलोची बाटली.

"बघ," आप्पा चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "तुझे दोन्ही साक्षीदार एकाच चुलीवर जेवणारे निघाले." आणि लगेच शेठजींकडे वळले. "बरं शेठ, आता आम्हाला गंधकाम्ल लागेल. तुम्ही द्या."

पुन्हा प्रश्न सुरू झाले. किती तीव्रतेचं? टँकरने की कॅनमधून? टँकर तुमच्या बोळात वळेल का? साठवायला टाकी आहे? सरकारी परवाना? आणि पुन्हा एक आकडा सावकाश बाहेर आला. तोही आराखड्यापेक्षा वेगळाच होता, आणि तो वरच्या अंगाला होता. बंदरावरचं गंधकाम्ल बालाघाटाच्या पायथ्यापर्यंत काही स्वतः चालत येत नाही.

परतताना एस.टी.च्या थांब्यावर दोघे बाकावर बसले. शिष्याचा चेहरा काळवंडलेल्या चिंचेसारखा झाला होता. "शेठ एक नंबरचा खोटारडा आहे," तो म्हणाला.

"खोटं कुठे बोलला तो?" आप्पा म्हणाले. "शनीच्या देवळाबाहेर वाटीभर तेल मिळतं. त्या भावाने तेलघाण्याचा हिशोब केलास तर घाण्याएवढा किफायतीचा धंदा त्रिभुवनात नाही. पण तिथे माणूस तेल घेत नसतो, साडेसाती उतरवत असतो. तुझी बाटली तशीच. तिच्यात काच आहे, शुद्धतेची हमी आहे, एका बाटलीसाठी केलेली धावपळ आहे. चिंचाम्ल त्यात नावापुरतं. ती किंमत खरीच आहे, पण ती तुझी नव्हे."

"आणि शेठ?"

आप्पांनी काठी दोन्ही हातांत धरली. "त्या दिवशी शेठने तुला भाव सांगितला, त्यात त्याचं काय जाणार होतं? काही नाही. चुकला असता तर तू बुडाला असतास, तो नव्हे. ज्याचं काही जात नाही, त्याच्या तोंडून आकडा सहज येतो. आज त्याने जो आकडा सांगितला, त्याला तो बांधला गेला. उद्या आपण माल घेऊन दारात उभे राहिलो तर त्याला तेवढे द्यावे लागतील. म्हणून त्याने आधी प्रश्न विचारले. किती, कसा, कुठे, कधी, परत आला तर काय. बाळा, हे प्रश्न म्हणजेच भाव. आकडा ही त्याची नुसती शेपटी. आपल्या वाडवडिलांनी मनातल्या भावाला आणि बाजारातल्या भावाला एकच शब्द वापरला, तो काही शब्दांचा दुष्काळ पडला होता म्हणून नाही. दोन्हीकडे पाहायचं ते एकच. समोरच्या माणसाने त्यात स्वतःला गुंतवलंय का?"

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. एस.टी. आली, भरलेली होती, गेली. दोघेही उठले नाहीत.

"मग कारखाना मेलाच म्हणायचा," तो शेवटी म्हणाला.

"मेला कसला? बारीक झालाय. बारीक माणसं जास्त जगतात," आप्पा म्हणाले आणि पुढच्या एस.टी.ची वाट पाहू लागले.

त्यानंतर शिष्य खऱ्या अर्थाने भाव शोधायला निघाला. चुन्याच्या भट्टीवर गेला तो चुना घ्यायला म्हणून गेला. सरबताच्या पुड्या करणाऱ्या एका घरगुती कारखान्यात गेला तो चिंचाम्ल द्यायला म्हणून गेला. कुणी पटकन आकडा फेकला की तो गोड हसून निरोप घेई. कुणी कपाळाला आठ्या घालून प्रश्न विचारू लागलं की तो मांडी घालून बसे. प्रत्येक वस्तूचा त्याला एक भाव मिळाला नाही, वरचा आणि खालचा असे दोन मिळाले, आणि त्या दोन्हींच्या मध्ये बाजार हिंडत असतो हे त्याला कळलं. तेव्हा त्याने हिशोब उलटा धरला. आपला माल खालच्या भावाने गेला आणि बाहेरून आणायची प्रत्येक वस्तू वरच्या भावाने आली, तरी कारखाना तग धरेल का, एवढंच पाहायचं.

नव्या चिंचेवर तो तग धरत नव्हता. आपणच सगळी नवी चिंच उचलू लागलो तर ती आणखी भाव खाईल, हेही त्याच्या ध्यानात आलं. पण दरवर्षी काही चिंच काळी पडून राहत असे. व्यापारी तिला नाक मुरडत, आणि बायका ती मिळेल त्याला देऊन टाकत. तिच्यातलं आम्ल काही काळं पडत नाही. त्या चिंचेवर, तीन टाक्यांच्या ऐवजी एका टाकीचा, एका शेडमध्ये मावणारा कारखाना तग धरत होता. नफा बेताचा होता. शेवटच्या पानावर आप्पांना चष्मा पुसावा लागला नाही.

आता उरलं सगळ्यांत अवघड काम. शेडमध्ये जाऊन बायकांना सांगायचं की मी चुकलो, तुमची छतापर्यंत भरलेली चिंच मला नको, ती काळी पडायच्या आत व्यापाऱ्याला देऊन टाका. आप्पांना बरोबर चला म्हणावं असं शिष्याला फार वाटलं, पण त्याने म्हटलं नाही.

दुपारची वेळ होती. बायका चिंचोक्यांच्या राशीला टेकून बसल्या होत्या. शिष्याने सगळं सांगितलं. बाटलीचं सांगितलं, शेठजींचं सांगितलं, पाण्यातल्या धुरकटपणाचंही सांगितलं. काही झाकलं नाही.

मग एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आता व्यापाऱ्याला परत बोलवायचं? तो आता मिशीतल्या मिशीत हसंल की."

"हसंल," शिष्य म्हणाला. "पण माल अजून तांबडा आहे. आज बोलावलं तर नेईल."

"आन काळी चिंच तू घेणार. किती घेणार?" दुसरीने विचारलं.

"एका टाकीत मावेल तेवढी."

"ती गंधकाची दवा अंगावर उडती म्हणं. ती कोण वतणार?"

"मी. शिकवून होईपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"माल माघारी आला तर?"

"तर पुन्हा विरघळवून, गाळून, सुकवायचा. आपल्याच दारात उतरेल तो. शेठकडे तसं बोलून आलोय."

"पाणी किती लागंल? हितं हंडाभर पाण्याला भांडणं हुत्यात."

याचं उत्तर शिष्याकडे पुरतं नव्हतं. "मोजून सांगतो," तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की असं म्हणताना आपल्याला जराही लाज वाटत नाहीये.

प्रश्न संपेचनात. उन्हं पत्र्यावरून खाली उतरली. एका बाईने तर गाळून उरलेला चोथा जनावरांना चालेल का विचारलं, आणि त्यावर तिघीचौघींचा आपसातच वाद जुंपला. शिष्य मध्ये बसून ऐकत होता. त्याला बरं वाटत होतं. या बायका आता ऐकून घेत नव्हत्या, आत शिरल्या होत्या.

आक्का सगळा वेळ चिंचोके निवडत ऐकत होती. तिने शेवटी इतर बायकांकडे एकदा पाहिलं. एकेकीने मान हलवली. मग ती भावाकडे वळली.

"व्यापाऱ्याला उद्या सकाळी निरोप देते," ती म्हणाली. "आन काळ्या चिंचेचं तुझं ठरलं. एक टाकी घिऊन ये."

"रागावली नाहीस ना, आक्का?"

"रागवायचं काय त्यात? मागल्या खेपेला आमी व्हय म्हटलं, ते तू आमचा हाईस म्हणून. मायेचं व्हय ते, त्याला काय आधार? आजचं व्हय आमी इचारून, पारखून देतोय." तिने पदर खोचला आणि उठली. "ह्याच्यावर बांध तुझा कारखाना."